घण किती किलोचा घ्यावा?

"मिस्त्री कुठंय?" हार्डवेअरच्या दुकानातल्या काकांनी माझ्या मागे बघत विचारलं.

"मिस्त्री नाही आला. घण मलाच हवाय."

"काय फोडायचंय, वहिनी?"

"काही फोडायचं नाहीये. व्यायामाला हवाय."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. शेजारी खिळे घ्यायला आलेला एक पोरगा तोंड फिरवून हसला. हसू मलाही येत होतं. काकांनी पुढचा प्रश्न विचारला, "किती किलोचा देऊ?" आणि तिथे मात्र माझी बोलती बंद झाली. मैत्रिणींनो, या एका साध्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नव्हतं म्हणून पुढे तीन आठवडे माझी वेणी माझी लेक घालून देत होती! ते कसं, तेच आज सांगणार आहे.

सुरुवात झाली आमच्या सासूबाईंपासून. दोन वर्षांपूर्वी ऐन श्रावणात त्या मोरीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन व्यवस्थित झालं. पण घरी आणल्यावर खरी परीक्षा माझी होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "नुसतं झोपवून ठेवू नका. उठवून बसवा, वॉकर धरून उभं करा." सासूबाईंचं वजन असेल पन्नास किलो. मला वाटलं, त्यात काय! दोन लेकरं कडेवर वाढवली, नळाला पाणी नसायचं तेव्हा हंडे वाहिले, गॅसचं सिलिंडर स्वयंपाकघरापर्यंत ओढत नेते. पन्नास किलोच्या म्हाताऱ्या बाईला कॉटवरून खुर्चीत बसवायला कितीसा जोर लागणार?

एका दुपारी घरात दुसरं कुणी नव्हतं. मी त्यांना काखेत हात घालून उठवलं आणि अर्ध्यातच माझे हात थरथरायला लागले. ना खुर्चीपर्यंत नेता येईना, ना परत कॉटवर ठेवता येईना. शेवटी मी भिंतीला पाठ टेकवली आणि दोघी हळूहळू घसरत खाली बसलो. त्या माझ्या मांडीवर. देवाच्या कृपेनं त्यांना काही लागलं नाही. पण त्या रडायला लागल्या. "माझ्यापायी तुझी कंबर मोडायची गं," म्हणाल्या. शेजारचा मुलगा कॉलेजातून येईपर्यंत आम्ही दोघी तशाच फरशीवर बसून होतो.

त्या फरशीवर बसल्या बसल्या मला एक गोष्ट लख्ख कळली. मी सेहेचाळीस वर्षांची होते. रोज चाळीस मिनिटं चालत होते आणि 'मी व्यायाम करते' असं चारचौघीत सांगतही होते. पण माझ्या हातांत, खांद्यांत आणि पाठीत ताकद उरली नव्हती. आणि पंचवीस वर्षांनी त्या कॉटवर मी असणार होते.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "चालणं सोडू नका. हृदयाला, साखरेला ते चांगलंच आहे. पण चालण्यानं हातांचे स्नायू वाढत नाहीत." वय वाढतं तसे स्नायू थोडे थोडे कमी होत जातात. बायकांचं तर पाळी जाताना इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं आणि हाडंही झपाट्यानं विरळ व्हायला लागतात. स्नायूंना आणि हाडांना भार मिळाला, तरच ते टिकून राहतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये ज्या सूचना काढल्या, त्यांतही हेच आहे. मोठ्या माणसांनी आठवड्यातून किमान १५० मिनिटं चालण्यासारखा मध्यम व्यायाम करावाच, शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. आपण पहिलं वाक्य ऐकतो, दुसरं सोडून देतो.

आता वजन उचलायचं कुठे? आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात जिम आहे, नाही असं नाही. पण बायकांची वेळ आपल्या स्वयंपाकाच्या वेळेला. फी भरायची तर घरात चार प्रश्न. आणि पंजाबी ड्रेस घालून त्या आरशांसमोर उभं राहायचं, तर आधी मनाची तयारी करावी लागते. माझा भाचा पुण्यात व्यायाम शिकवतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, परसात जागा आहे ना? ट्रकचा एक जुना टायर आण आणि एक घण घे. टायर आडवा टाकायचा आणि त्यावर घण मारायचा. खांदे, पाठ, पोट, मांड्या, मनगटं, सगळं एकदम कामाला लागतं." टायर पंक्चरवाल्यानं फुकट दिला, वर घरापर्यंत ढकलत आणूनही दिला.

तर अशी मी हार्डवेअरच्या दुकानात उभी. काकांनी तीन घण पुढे ठेवले. दोन किलोचा, तीन किलोचा आणि पाच किलोचा. दोन किलोचा बघून मला वाटलं, हा तर पोराच्या हातातला! तो खिळेवाला पोरगा अजून तिथंच होता. त्याच्या त्या हसण्यावरच मी पाच किलोचा घण उचलला. भाच्यानं वजन सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. घरी येऊन पदर खोचला आणि दणादण पंचवीस घाव घातले. आमचे हे दारात उभे राहून टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या दिवशी अंग दुखलं. म्हटलं, दुखणारच. पुन्हा पंचवीस. तिसऱ्या दिवशी उजवा हात खांद्याच्या वर जाईना. फळीवरचा डबा निघेना, वेणी घालता येईना. डॉक्टरांनी सांगितलं, खांद्याच्या स्नायूबंधाला सूज आहे, तीन आठवडे विश्रांती. घण परसातल्या कोपऱ्यात गेला आणि घरात थट्टेला एक विषय मिळाला.

तो घण तिथंच गंजत पडला असता. पण महिनाभरानं आमच्या महिला मंडळाच्या कामासाठी मी गावाबाहेरच्या रस्त्यावर गेले. तिथे बाभळीखाली घिसाडी समाजाची दोन बिऱ्हाडं उतरली होती. त्यांच्या मुलांना जवळच्या शाळेत बसवता येईल का, हे बघायचं होतं. घिसाडी आपण सगळ्यांनीच पाहिलेले असतात. रस्त्याच्या कडेला भाता, निखारे, ऐरण. विळे, खुरपी, कुऱ्हाडी तिथंच घडतात, तिथंच विकल्या जातात. पुरुष खाली बसून सांडशीनं तापलेलं लोखंड ऐरणीवर धरतो आणि समोर उभी राहून घण घालते ती त्याची बायको. हे दृश्य मी लहानपणापासून बघत आले, पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. माझ्याच वयाची बाई, माझ्यापेक्षा बारीक. तिचा घण वर जात होता, क्षणभर थांबत होता आणि नेमका नवऱ्याच्या सांडशीपुढच्या लाल लोखंडावर पडत होता. एक बोट इकडे-तिकडे झालं असतं तर नवऱ्याचा हात गेला असता. पण तिचं तोंड शांत. मधूनच ती पोरावर ओरडतही होती.

काम थांबल्यावर मी तिला माझी कहाणी सांगितली. तिनं पहिला प्रश्न तोच विचारला. "किती किलोचा घेतला, ताई?"

"पाच."

ती आधी नवऱ्याकडे बघून हसली, मग माझ्याकडे. "आगं बाई! एवढा तर मीबी घेत न्हाई."

तिच्या घणाचं वजन किती, ते तिला किलोत ठाऊक नव्हतं. शेजारच्या भाजीवाल्याचा काटा होता. त्यावर ठेवला. दांड्यासकट पावणेचार किलो भरला. म्हणजे नुसतं लोखंड सव्वातीनच्या आसपास. जी बाई लहानपणापासून घण घालते, दिवसभर घालते, तिच्या हातात सव्वातीन किलोचा घण. आणि जिनं आयुष्यात वरवंट्यापेक्षा जड काही आपटलं नव्हतं, तिनं घेतला पाच किलोचा! मला माझीच लाज वाटली.

मग तिनं मला शिकवलं. तिची आई तिला कशी शिकवायची, तसंच. "आधी आईनं मला हातोडा दिला. मग लहान घण, त्योबी आखूड दांड्याचा. अंगात आला तसा दांडा वाढवला." आणि पुढे म्हणाली, "ताई, घण मारायचा नसतो. वर नेताना जोर आपला. खाली तो आपसूक येतो, त्याला नुसती वाट दाखवायची. आणि जो घण वरच्या वर थांबवता येत न्हाई ना, तो आपला न्हाई."

नंतर भाच्याला हे वाक्य सांगितलं, तर तो म्हणाला, "मावशी, आमच्या कोर्समध्ये हेच शिकायला दोन दिवस लागले!"

आता त्या बाईचं, भाच्याचं आणि डॉक्टरांचं ऐकून, आणि स्वतः वर्षभर करून जे मला समजलं, ते तुमच्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट, वजन. कधीच वजन न उचललेल्या बाईनं दोन किलोच्या घणापासून सुरुवात करावी. शेतात राबणारी, हाताला कामाची सवय असलेली बाई तीन किलोपासून करू शकेल. काही दुकानांत अजून पौंडात बोलतात, त्यांच्यासाठी हिशेब असा. ४ पौंड म्हणजे सुमारे १.८ किलो, ६ पौंड म्हणजे २.७ किलो, ८ पौंड म्हणजे ३.६ किलो आणि १० पौंड म्हणजे साडेचार किलो. अंगात ताकद असलेले पुरुषसुद्धा व्यायामाला सहसा ८ किंवा १० पौंडांपासूनच सुरुवात करतात. माझा पाच किलोचा घण म्हणजे ११ पौंड! दुकानात कमी वजनाचा घण मागताना लाजू नका. तिथे हसणारा पोरगा तुमची वेणी घालायला येणार नसतो.

दुसरी गोष्ट, जी मला कुणीच सांगितली नव्हती, ती म्हणजे दांड्याची लांबी. घणाचं वजन सांगतात ते लोखंडाचं. पण हाताला जाणवणारा भार दांड्यावरही अवलंबून असतो. बी.ए.ला मराठी घेतलेली मी, मला हे घरातल्या बादलीवरून समजलं. भरलेली बादली अंगाला चिकटवून उचला आणि तीच हात लांब करून धरून बघा. पाणी तेवढंच, पण दुसऱ्या वेळी खांदा बोंब मारतो. घणाचंही तसंच. लोखंड हातापासून दीड फुटांवर असेल त्यापेक्षा तीन फुटांवर असेल, तर खांद्यावर बराच जास्त ताण येतो. म्हणून सुरुवातीला दांडा दोन-अडीच फुटांचा असावा. लांब असेल तर कापायची घाई नको, हात लोखंडाच्या जवळ धरले की झालं. जसजशी सवय होईल तसे हात खाली सरकवत जायचे. म्हणजे एकाच घणात हलका आणि जड असे दोन्ही घण मिळतात, नवा घ्यायला लागत नाही.

तिसरी गोष्ट, घण आपल्याला पेलतो की नाही, हे ओळखायचं कसं? दुकानातच तीन गोष्टी करून बघा. दोन्ही हातांत घण आडवा धरा, एक हात लोखंडाजवळ आणि दुसरा दांड्याच्या टोकाशी. तीन आकडे मोजत छातीपर्यंत वर न्या आणि तीन आकडे मोजत खाली आणा. असं दहा वेळा. शेवटच्या दोन वेळा जड गेलं तर चालेल, पण श्वास कोंडायला किंवा पाठ मागे झुकवायला लागली तर तो घण जड आहे. दुसरं, घण वर नेताना मध्येच थांबवा. थांबला तर तुमचा. तिसरी परीक्षा दुसऱ्या दिवशी घरी. दंड, पाठ, मांड्या अशा मांसल भागांत ठणक असेल तर ती कामाची, दोन-तीन दिवसांत जाते. पण सांध्यात टोचत असेल, खांदा वर जात नसेल, मनगट सुजलं असेल, तर वजन कमी करायला हवं. आठवड्यात दुखणं गेलं नाही तर डॉक्टरांकडे जा. माझ्यासारखं 'दुखणारच' म्हणून पुन्हा पंचवीस घाव घालू नका.

आता करायचं कसं. टायर ट्रकचा किंवा ट्रॅक्टरचा, जमिनीवर आडवा. फरशीवर नको, मातीवर बरा. दुचाकीचा किंवा लहान गाडीचा टायर घेऊ नका, तो हलका असल्यानं जागेवर राहत नाही. टायरवर पडलेला घण उसळी घेतो, हे कायम लक्षात ठेवा. म्हणून पकड सैल सोडायची नाही आणि तोंड टायरवर वाकवायचं नाही. पाय खांद्याइतके फाकवून, गुडघे किंचित वाकवून उभं राहायचं. उजव्या बाजूनं मारताना डावा हात दांड्याच्या टोकाशी, उजवा हात लोखंडाजवळ. घण वर गेला की उजवा हात सरकत खाली डाव्याजवळ येतो. घण खाली येताना पाठीचा कणा वाकवायचा नाही, गुडघ्यांत आणि कमरेच्या सांध्यात वाकायचं. उजवीकडून दहा झाले की हात बदलून डावीकडून दहा. डावीकडून घण वाकडा पडतो, हसू येतं, पण ते सोडू नका, नाहीतर एकाच अंगाला ताकद येते.

पहिले दोन आठवडे तर घाव घालूच नका. नुसता घण वर न्यायचा आणि टायरवर अलगद ठेवायचा. मग हळूहळू सोडायला शिकायचं. दहा-दहाच्या तीन फेऱ्या, मध्ये मिनिटभर विश्रांती. आठवड्यातून दोन दिवस, सवय झाल्यावर तीन दिवस, पण लागोपाठ नाही. पंधरा-पंधराच्या तीन फेऱ्या सलग दोन-तीन आठवडे सहज व्हायला लागल्या, तरच पुढच्या वजनाकडे बघायचं. तेही अर्धा-एक किलोनं, एकदम दुप्पट नाही. आपल्या तालमींतही मुद्गल फिरवायला शिकवताना नव्या पोराच्या हातात उस्तादाची जोडी कधी देत नाहीत. आधी हलकी जोडी, मग जड.

सुरू करण्याआधी रोज दांडा आणि पाचर बघायची. घणाचं लोखंड दांड्यावर हललं तर त्या दिवशी व्यायाम बंद. पुष्कळ जण घण रात्रभर पाण्यात ठेवतात. लाकूड फुगून घट्ट होतं खरं, पण वाळलं की पुन्हा सैल. पाचर नीट ठोकून घ्या. आसपास लेकरं नकोत. पायात बूट हवेत, चप्पल नको. काचेच्या बांगड्या उतरवून ठेवायच्या, मंगळसूत्र आत घालायचं, ओढणी नकोच.

आणि हे मात्र काळजीपूर्वक वाचा. गरोदर बायकांनी, नुकतं पोटाचं किंवा गर्भपिशवीचं ऑपरेशन झालेल्यांनी, हर्निया असलेल्यांनी हा व्यायाम करू नये. अंग बाहेर येण्याचा त्रास आपल्या कितीतरी बायका लाजेनं कुणाला सांगत नाहीत. त्यांनी जड वजनाला हात लावण्याआधी डॉक्टरांना हे सांगायलाच हवं. रक्तदाब आटोक्यात नसेल, खांदा आखडलेला असेल किंवा हाडं फार विरळ झाल्याचं निदान असेल, तर वाकून-वळून घाव घालणं धोक्याचं. त्यांनी डॉक्टरांना विचारून दुसरा व्यायाम घ्यावा. ज्यांना घण नकोसा वाटतो, त्यांनी पाण्याच्या बाटल्यांपासून सुरुवात करावी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, बाटलीला पैसे पडत नाहीत आणि कुणी हसतही नाही.

बायकांनी वजन उचलायचं म्हटलं की अजूनही भुवया वर जातात. "हात पुरुषासारखे होतील," हे मला माझ्या सख्ख्या जावेनं ऐकवलं. तिला मी मावळातल्या वडगावच्या हर्षदा गरुडचं नाव सांगितलं. या मुलीनं २०२२ मध्ये वेटलिफ्टिंगच्या ज्युनिअर जागतिक स्पर्धेत ४५ किलो गटात एकूण १५३ किलो उचलून भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. मी काही पदक आणणार नाही. पण उद्या मोरीत पाय घसरला, तर नळाला धरून उठण्याइतकं बळ माझ्या हातांत असावं, एवढंच माझं मागणं आहे.

त्या घिसाडी बाईबद्दल एक सांगायचं राहिलं. मी तिच्याकडे दुसऱ्यांदा गेले, तेव्हा तिनं मला विचारलं, "ताई, तुमी घण घालता अंगात ताकद यावी म्हनून. माझा खांदा रातभर ठणकतो, त्याला कोनता व्यायाम हाय?" मला उत्तर देता आलं नाही. मी दहा घाव घालून मिनिटभर थांबते, दिवसाआड विश्रांती घेते, वर पोटभर जेवते. तिच्या दिवसात थांबायचं मिनिटच नाही. एक दिवस मी तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस काम बंद ठेवा. ती माझ्याकडे बघून नुसती हसली. तेच घण, तोच हात, पण माझा व्यायाम आणि तिची मजुरी यांत केवढं अंतर! तिची दोन मुलं त्या हंगामात तीन महिने शाळेत बसली, एवढंच आमच्या मंडळाकडून झालं. मग बिऱ्हाड पुढच्या गावाला गेलं.

जाण्याआधी तिनं माझ्यासाठी दोन किलोचा घण घडवला, बाभळीचा दांडा घातला, पाचर ठोकली आणि आधी स्वतः चार घाव घालून बघितला. त्याच्या बदल्यात मी तिला पैसे दिले आणि वर माझा पाच किलोचा घणही देऊ केला. तिनं पैसे घेतले. घण परत केला. म्हणाली, "एवढ्या वजनाचं मी काय करू, ताई?" शेवटी तो विहीर खोदणाऱ्या एका गड्याला दिला.

आता मी तीन किलोवर आले आहे. त्याला वर्ष लागलं आणि त्याचं मला काही वाटत नाही. सासूबाई वॉकर धरून अंगणापर्यंत येतात. सकाळी त्यांना कॉटवरून खुर्चीत मीच बसवते. आधी माझे गुडघे वाकवते, त्यांना अंगाजवळ घेते, मग उचलते. अगदी त्या बादलीसारखं. परवा त्या म्हणाल्या, "अगं, हळू! मला काय टायर समजलीस का?" आणि आम्ही दोघी किती वेळ हसत होतो.

मंडळातल्या चौघींनी आता टायर आणलेत. मागच्या आठवड्यात त्यांतल्या दोघींना घेऊन त्याच हार्डवेअरच्या दुकानात गेले. काकांनी या वेळी मिस्त्री कुठंय, असं विचारलं नाही. सरळ विचारलं, "किती किलोचा देऊ?"

दोघीही एका सुरात म्हणाल्या, "दोन!"